धुण्याच्या दगडावरच्या पटाश्या

तमिळ पंचांगातला पुरट्टासी महिना लागला की चेन्नईची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते, आणि एरवी शहाणीसुरती असलेली माणसं बाहुल्यांच्या मागे लागतात. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. जुन्या वर्तमानपत्रांतून देव निघतात, वाणी निघतो, वरात निघते, बँडवाले निघतात. कोणाचा तरी हात मोडलेला असतो, तो गोंदाने चिकटवतात. मग नवरात्रात पायऱ्या मांडायच्या, त्यावर पांढरं कापड घालून हा सगळा संसार बसवायचा, त्याला गोलू म्हणायचं आणि एकमेकींच्या घरी जाऊन चण्याचं सुंडल खात "किती छान, किती छान" करायचं. माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे घटाभोवती माती आणि धान्य पडलं की नवरात्र भागायचं. लग्न होऊन या तंजावरी मराठी घरात आले तेव्हा वाटलं होतं, हळूहळू मलाही बाहुल्यांचं प्रेम वाटू लागेल. केस पांढरे झाले. अजून वाट बघते आहे.

यंदा तर कहर झाला. माझी नणंद रमा पेरुंगुडीला उंच इमारतीत राहते. तिच्या सोसायटीत हॉबी क्लब आहे. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसांत आठवडाभर पडद्याकडे बघून कंटाळलेली माणसं रविवारी तिथे जमतात आणि लाकडाची नासाडी करतात. या वर्षी त्यांनी गोलूसाठी लहान लहान लाकडी होड्या, बैलगाड्या, देवळं करायला घेतली. रमाचा फोन आला, "वैनी, तू सेफ्टीतली आहेस ना? थोडं येऊन बोल की. सगळ्यांना बरं वाटेल."

मी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. फिरत्या मशीनमध्ये हात घालू नका, हे मोठ्या माणसांना रोज सांगणं हे माझं काम. ऐकून कोणाला बरं वाटल्याचं मला आठवत नाही. तरी गेले.

हत्यारं मात्र देखणी होती. गुळगुळीत मुठींच्या पटाश्या, केसाएवढ्या पात्याच्या करवती, तळहातात मावेल असा रंधा, बोटाएवढं विजेचं ड्रिल. सगळ्यांनी एकसारखे एप्रन घातले होते. डोळ्यांवर लावायचा चष्मा बहुतेकांच्या कपाळावर होता. एक बाई ड्रिलवर वाकल्या होत्या आणि त्यांची ओढणी ड्रिलच्या तोंडाशी झुलत होती. एका गृहस्थांनी होडीचा तुकडा डाव्या तळहातावर ठेवला होता आणि आंबा चिरावा तशी पटाशी त्याच तळहाताकडे ओढत होते.

"सर, हा हात तुमचाच आहे ना?" मी विचारलं.

"हो मॅडम."

"मग त्याच्यावर एवढा राग का?"

लोक हसले. लोक नेहमी हसतात. दवाखान्यात पोचेपर्यंत हसतात.

मी जे सांगितलं त्यात नवं काही नव्हतं. तुकडा हातात धरायचा नाही, टेबलाला क्लॅम्पने आवळायचा. दोन्ही हात पात्याच्या मागे, पुढे फक्त लाकूड. एका दमात खोल शिरायचं नाही, पापुद्रा पापुद्रा काढायचा. लाकडाचे तंतू कुठल्या बाजूला उतरतात ते आधी बोट फिरवून बघायचं आणि त्याच बाजूने कापायचं. उलटं गेलं की पातं आत घुसतं, लाकडाची खपली उडते, आणि आपण लाकडाला शिव्या देतो. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे नकोत, कारण मोजा गुंडाळला गेला की आतलं बोटही जातं. आणि हातातून पटाशी सुटली तर ती झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे. पटाशीला पुन्हा धार लावता येते.

त्यावर क्लबचे मुख्य, कार्तिक नावाचे एक उत्साही गृहस्थ, मला अभिमानाने म्हणाले, "मॅडम, सेफ्टीसाठी आम्ही पाती मुद्दाम थोडी बोथट ठेवली आहेत. सगळे नवशिके आहेत ना."

मी रमाकडे पाहिलं. रमा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

त्या एका वाक्याने मला काही वर्षांपूर्वीचा पुरट्टासी आठवला. तसा तो दर वर्षी आठवतोच. लोकांना म्हणे या दिवसांत मोगऱ्याच्या, कापराच्या, देवळातल्या भाताच्या वासाने जुने दिवस आठवतात. मला ताज्या तासलेल्या शिवणीच्या लाकडाचा आणि खोबरेल तेलाचा एकत्र वास आठवतो, आणि त्याबरोबर घरच्या माणसांची अक्कल.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर डब्यांच्या रेघा मारल्या, म्हणून म्हातारपणी खरी वस्तू करायची हौस. दर वर्षी गोलूसाठी एकच गोष्ट स्वतः करायची, असा त्यांचा नेम होता. एका वर्षी विहीर आणि रहाट केला. एका वर्षी उखळ, जातं आणि पाट्याचं सगळं स्वयंपाकघर केलं, त्यात चुलीवरच्या भांड्याला झाकणसुद्धा होतं आणि ते उघडायचं. त्या वर्षी त्यांनी तेर करायला घेतला होता. तेर म्हणजे देवाचा मोठा रथ, तंजावरकडच्या गावांत दोरखंड लावून ओढतात तो. चाकं, खांब, एकावर एक चढत गेलेले मजले, पुढे उधळलेले घोडे. ओंजळीत मावेल एवढ्या जागेत हे सगळं.

पेरंबूरचं आमचं घर तळमजल्यावर आहे. मागे एक व्हरांडा, त्यात मोरी, मोरीपाशी कपडे धुवायचा उभट दगड, आणि दुसऱ्या टोकाला अप्पांचं टेबल. सकाळी मी डबा भरून कंपनीच्या बसला निघायची तेव्हा ते टेबलाशी बसलेले असायचे. टेबलाच्या कडेला एक फळी ठोकलेली, तिच्या पुढच्या टोकाला आडवी पट्टी. लाकडाचा तुकडा त्या पट्टीला अडवायचा, छोट्या क्लॅम्पने आवळायचा, मग पटाशी. दोन्ही हात मागे. घाई नाही. वाकडा वळणारा पातळ कीस फळीवर पडत राहायचा. संध्याकाळी सात वाजता मी परत येऊन चहाचं आधण ठेवायची तेव्हा घोड्याला एक कान आलेला असायचा. दिवसभरात एक कान! आमच्या कारखान्यात या वेगाने काम करणाऱ्याला दुपारच्या आत घरी पाठवतील. पण त्या कानाला हात लावला तर पॉलिश पेपरने घासल्यासारखा लागायचा, आणि त्याला पेपर लागलेला नसायचा. धारदार पात्याने नीट कापलेल्या लाकडाला पॉलिश पेपरची गरज नसते, हे मी तिथे पाहिलं.

त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. हात मांडीवर विसावला की थरथरायला लागायचा. पाहुण्यांचं लक्ष लगेच तिकडे जायचं आणि त्यांचे चेहरे असे मऊ व्हायचे की मला त्यांना उठून दार दाखवावंसं वाटायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा कंप हात रिकामा असताना येतो, कामाला लागला की कमी होतो. हे घरात सगळ्यांनी ऐकलं. व्हरांड्यात उभं राहून त्यांचं काम पाहिलं कोणीच नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की पटाशी हातात घेईपर्यंत हात हलतो, तिचं टोक लाकडाला टेकलं की थांबतो.

आमच्या घरातली मंडळी पाहण्यापेक्षा घाबरण्यात तरबेज. माझा नवरा माधव बँकेत आहे. तो रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्यालाही हात दाखवतो. रमा त्याच्यावर वरताण. त्या पुरट्टासीच्या सुरुवातीला ती आली, तिने व्हरांड्यात थरथरता हात पाहिला, शेजारी पटाशी पाहिली, आणि पुढच्या खेपेला एक पिशवी भरून काळजी घेऊन आली. त्यात कोळणींनी मासे कापताना घालावेत तसे जाड हातमोजे होते, आणि लहान मुलांची मातीकामाची प्लास्टिकची सुरी होती.

अप्पांनी हातमोजा उचलून उजेडात धरला. "हें घालून मी काय धरूं? म्हैस?"

"अप्पा, पण या वयात हे सगळं कशाला?" रमा म्हणाली. "मैलापूरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मांडून ठेवलेलं असतं. सगळं विकत मिळतं की."

"विकत मिळतें म्हणून तूं घरीं रांधणें सोडलीस काय?"

"सोडलंय," माधव म्हणाला. "ती ॲपवरून मागवते."

"अण्णा, तू गप्प बस," रमा भावाला म्हणाली.

अप्पांनी प्लास्टिकची सुरी माझ्याकडे दिली. "मंगल, उप्पीटास लिंबू चिरतां येतें काय हिनें, पाहा." मी ती घेतली. लिंबूही चिरलं गेलं नाही.

प्रकरण तिथे संपलं असं मला वाटलं. अप्पांनी नको म्हटलं, म्हणजे नको. पण ज्यांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसते त्यांचा नाहीचा रस्ता मागच्या दाराने जातो, आणि आमच्या मागच्या दारात तर धुण्याचा दगडच होता.

अप्पांचा धार लावायचा वार रविवार. सकाळी कॉफी झाली की तेलाचा दगड निघायचा, त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब, आणि मग तो संथ, ओला आवाज. सगळ्यात रुंद पटाशीपासून काडीएवढ्या गोल पात्यापर्यंत एकेक. शेवटी प्रत्येक पातं मनगटावर फिरवून बघायचे. पांढरे केस भादरले गेले की पास. मग पेटी बंद. संध्याकाळी ते देवळात जायचे.

त्या महिन्यात त्यांची कुरकुर सुरू झाली. पहिल्यांदा म्हणाले, लाकूड वाईट निघालं. नवा तुकडा आणला. तोही वाईट निघाला. मग म्हणाले, तेलाचा दगड मधे झिजला. दगड सपाट करून घेतला. पुढच्या रविवारी दुप्पट वेळ धार लावली, केस भादरून पाहिले, आणि सोमवारी पुन्हा पटाशी लाकडावरून घसरायला लागली. एकदा मी बससाठी चपला घालत होते तर ते टेबलापाशी नुसते बसले होते. मला म्हणाले, "काल मीच धार लावलों. आज कापत नाहीं. म्हणजे पटाशीचें कांहीं नाहीं मंगल. हातांत जोर राहिला नाहीं."

त्याच आठवड्यात एका सकाळी कारखान्यात माधवचा फोन आला. अप्पांनी हात कापून घेतला होता. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, चांगला खोल. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलं, आणखी जरा आत गेलं असतं तर अंगठा वाकला नसता.

मी घरी पोचले तर समोरच्या खोलीत निकाल लागून गेला होता. रमा आलेली होती, डोळे पुसत होती, आणि तिच्या पायाशी अप्पांची हत्यारांची पेटी होती. "पोदुम अप्पा, पुरे झालं," ती म्हणत होती. "ही मी घेऊन जाते. समोर दिसली की तुम्हाला राहवणार नाही." माधव पंख्याचं बटण निरखत होता.

मला वाटलं अप्पा आता हिला सोलून काढतील. अप्पा म्हणाले, "घेऊन जा. हात गेले माझे."

एवढंच. पट्टी बांधलेला डावा हात मांडीवर, त्यावर उजवा, आणि उजवा थरथरतोय. न बोलावता येऊन राहिलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे ते त्या हाताकडे बघत होते. हा माणूस बायको गेली तेव्हा तेराव्या दिवशी टेबलाशी जाऊन बसला होता. त्याच्याकडून कोणी काही काढून घेऊ शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि आता तो स्वतःच पेटी पुढे सरकवत होता. अप्पा पुन्हा कधी टेबलाशी बसतील की उरलेली वर्षं या खुर्चीत हाताकडे बघत काढतील, एवढाच प्रश्न होता. रमाने तो रडत रडत सोडवून टाकला होता.

"पेटी आज जाणार नाही," मी म्हणाले. "अपघाताची चौकशी झाल्याशिवाय जागेवरची वस्तू हलवायची नसते."

"वैनी, हा काय तुझा कारखाना आहे?"

"कारखाना असता तर तू गेटच्या आत आली नसतीस."

चौकशीत पहिल्यांदा कोण चुकलं हे विचारायचं नसतं. ते विचारलं की जो सगळ्यात दमलेला असतो तो हात वर करतो आणि बाकीचे घरी जातात. विचारायचं ते हे, की काल जे नीट चाललं होतं त्यात आज वेगळं काय होतं? मी व्हरांड्यात गेले. घोड्याचा तुकडा क्लॅम्पमध्ये नव्हता, टेबलाखाली पडला होता. याचा अर्थ अप्पांनी तो सोडवून हातात घेतला होता. ज्यांनी मला नवी सून असताना विळीवर बसायची पद्धत बदलायला लावली, त्यांनी. का? तुकडा उजेडात धरला. मानेवरचा काप कापलेला नव्हता, चुरडलेला होता. तंतू वर उभे राहिले होते, चघळलेल्या उसासारखे. पातं चालेना म्हणून त्यांनी जोर केला, तरी चालेना म्हणून तुकडा सोडवला, उलटसुलट करून हातात धरला, आणि आणखी जोर केला. धार गेली की माणसाची पद्धतही मागोमाग जाते. आयुष्यभराची असली तरी.

मग पेटी उघडली. पटाशीची धार खिडकीकडे करून बघितली तर कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली. चांगली धार उजेडात दिसत नाही, तिच्यावर प्रकाश थांबायला जागाच नसते. दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांवर ती रेघ, आणि पात्यावर आडवे ओरखडे. तेलाच्या दगडाचे ओरखडे असे नसतात. मी वळून मोरीकडे पाहिलं. धुण्याच्या दगडाच्या वरच्या कडेला, कपड्यांचा साबण जिथे पोचत नाही तिथे, पोलादाच्या करड्या रेघा होत्या. चोरीसुद्धा इतकी गबाळी.

माधव आणि रमा दोघांना मागे बोलावलं. दार लावून घेतलं.

"कोणी घासल्या?"

माधव मोरीच्या जाळीकडे बघत म्हणाला, "फक्त दोन-दोनदा. जास्त नाही."

"कधी?"

"रविवारी. ते देवळात गेले की."

"अक्कल कोणाची?"

"वैनी, तू असं काय बोलतेस!" रमा म्हणाली. "आम्हाला त्यांची काळजी वाटत होती. हट्टी आहेत, ऐकत नाहीत. निदान लागलं तरी फार लागू नये म्हणून..."

"बोथट सुरीने टोमॅटो कापलायस कधी? अरे हो, तू मागवतेस."

काळजी. या शब्दाखाली किती कचरा खपतो! मशीनवर संरक्षक जाळी बसवायची तर काळजी घेणाऱ्याला मशीन समजून घ्यावं लागतं. माणूस कसं काम करतो ते उभं राहून बघावं लागतं. त्याला विचारावं लागतं. त्यात वेळ जातो आणि कधीकधी आपणच चुकीचे निघतो. त्यापेक्षा दगडावर दोनदा घासणं सोपं. स्वतःची भीती घालवायला दुसऱ्याची धार घालवायची आणि वर त्याच्या पट्टीकडे बघून रडायचं. मला कारखान्यात मशीनची जाळी काढून ठेवणारी माणसं भेटतात, ती मूर्ख असतात. ही त्यांच्याहून खालची जात.

"अप्पांना सांगू नकोस," माधव म्हणाला. "पाया पडतो. केवढं वाईट वाटेल त्यांना."

"आत्ता काय त्यांना चांगलं वाटतंय?"

"म्हातारा माणूस आहे. थकलेत. आज ना उद्या हे बंद होणारच होतं."

"ते त्यांनी बंद करायचं. तू नाही. आणि मी सांगणारच नाहीये. तू सांगणार आहेस."

तो सांगायला गेला. मी दारात उभी राहिले, कारण माझा नवरा पहिल्या वाक्यावरून हवामानावर जाऊ शकतो. पण सांगितलं त्याने. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.  मग विचारलं, "सगळ्या?"

"हो अप्पा."

"ती बारीक गोलसुद्धां?"

"हो."

"धुण्याच्या दगडावर?"

माधवने मान हलवली.

"अय्यो!" अप्पा ओरडले. "त्या दगडावर तुझ्या चड्ड्या धुतात रे!"

रमाला हुंदका आला. अप्पांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी उजवा हात वर उचलून डोळ्यांसमोर धरला होता. हात थरथरतच होता. पण आता ते त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. "म्हणजे हात नव्हे," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "मंगल, ऐकलेंस? हात नव्हे."

मिठ्या, डोळे पुसणं, "जाऊ द्या, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत" वगैरे काही झालं नाही. अप्पा चिडले होते, आणि चिडल्यावर ते नीट चिडतात. त्यांनी दोघांनाही व्हरांड्यात नेऊन बसवलं. तेलाचा दगड काढायला लावला. स्वतः खुर्चीत, डावा हात उशीवर. रेशमी साडीतली रमा आणि बँकेच्या शर्टातला माधव सगळी दुपार पटाश्यांना धार लावत होते.

"पातें टेकव. उतार आहे तसा पूर्ण टेकव. टाच उचलूं नकोस. दाबतोस कशास? तेलावर पातें चालूं दे, तूं जोर करूं नकोस. आतां पाठीवर बोट लाव. तारेसारखी कड लागते काय? ती काढ. सपाट ठेव, सपाट!"

"अप्पा, माझी नखं गेली," रमा म्हणाली.

"नखें वाढतात. पटाशी वाढत नाहीं."

मी उभी राहून बघत होते. चहा कोणालाच दिला नाही. बाहेर शेजारच्या घरी गोलूच्या पायऱ्यांना पांढरं कापड टाचत होते, कोणीतरी तमिळ गाणं बेसूर म्हणत होतं, आणि आमच्याकडे बँकेचा अधिकारी मनगटावरचे केस भादरून बघत होता आणि ते भादरले जात नव्हते. तिसऱ्या खेपेला भादरले गेले. त्याला इतका आनंद झाला की मला क्षणभर दया आली. क्षणभरच.

नवरात्राच्या आदल्या दिवशी अप्पा टेबलाशी बसले. टाके अजून होते, डावा हात कामाचा नव्हता. घोड्याचा तुकडा फळीवर ठेवून म्हणाले, "माधवा, तुकडा धर."

माधव पांढरा पडला. अप्पांच्या उजव्या हातात पटाशी होती, ती हवेत थरथरत होती, आणि तिच्या समोर त्याने आपली बोटं ठेवायची होती. अप्पा वाट बघत होते. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं, आणि माधवलाही. त्याने हात पुढे केला, डोळे मिटले आणि तुकडा धरला. मला मान्य आहे, डोळे मिटून का होईना, पण धरला.

"सोड," मी म्हणाले.

"मंगल, तूं मधें..."

"पात्यापुढे कोणाचाही हात चालणार नाही अप्पा. माझ्या घरात नाही. याला प्रायश्चित्त हवंय ना? क्लॅम्प पिळू दे त्याला."

अप्पांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. पण ते ड्रॉइंग ऑफिसातले होते, बरोबर रेघ त्यांना कळायची. "पीळ," ते माधवला म्हणाले. माधवने क्लॅम्प असा आवळला की घोड्याचे आजोबाही हलले नसते. अप्पांनी पटाशी लाकडाला टेकवली. हात थांबला. आणि घोड्याच्या मानेवरून एक पापुद्रा निघाला, इतका पातळ की पंख्याच्या वाऱ्याने तो माधवच्या शर्टावर जाऊन बसला. पहिल्यांदाच त्याने जवळून पाहिलं. रमानेही.  

तेर त्या वर्षी पुरा झाला नाही. दोन घोडे, एक नुसताच चौकोनी ठोकळा, आणि एक मजला कमी, असाच पायरीवर बसला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका "असं अर्धं का?" म्हणून विचारायच्या. रमा घाईघाईने म्हणायची, "अप्पांचं वय झालं ना." अप्पा खोलीतून ओरडायचे, "वय नव्हे! मुलें!"

पुढच्या वर्षी तेर पुरा झाला. त्यानंतर आणखी काही वस्तू झाल्या. गेल्या वर्षी त्यांनी अगदी साधं काहीतरी केलं, एक पाट आणि त्यावर ठेवलेला नारळ. मग पटाश्यांना तेल चोळलं, प्रत्येक पात्याला कापडाचा तुकडा गुंडाळला आणि पेटी माळ्यावर ठेवायला सांगितली. मी ठेवली. का म्हणून विचारलं नाही.

क्लबातून निघताना मी कार्तिकना सांगितलं की पाती बोथट ठेवायची असतील तर पुढच्या वेळी मला नको, टाके घालणाऱ्याला बोलवा. रमा माझ्याबरोबरच गाडीत बसली. पेरंबूरला घरी आल्यावर ती सरळ अप्पांच्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"अप्पा, यंदा काहीच नाही केलंत?"

"नाहीं."

"हात दुखतो का?"

"हात बरा आहे."

"मग एक तरी करा ना. आमच्या इमारतीत सगळे विचारतात. मी सगळ्यांना तुमचे फोटो दाखवलेत. शेवटचं म्हणून एक छोटंसं."

"शेवटचें गेल्या वर्षीं केलें."

"म्हणजे?" रमाचा आवाज चढला. "तुम्ही ठरवलंत? आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही?"

"तुम्ही दोघें मज विचारून गेलां होतां काय धुण्याच्या दगडापाशीं?"